बोर्ड बदलला, तरी लॅपटॉप चालेना? गेमिंग लॅपटॉपच्या कामात नफा वाचवणारी तपासणी



गेमिंग लॅपटॉपचा मदरबोर्ड कसा बदलायचा, हे आपण चॅनेलवरच्या व्हिडिओत पाहिलं. स्क्रू खोलणे, पट्ट्या काढणे, बोर्ड उचलणे, नवा बसवणे. हा भाग हाताला सवय झाली की दीड-दोन तासांचा आहे. पण खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. बोर्ड बसला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. किंवा चालू झाला, पण स्क्रीन काळी. किंवा सगळं चाललं, ग्राहक घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला: "भाऊ, पहिले तर मस्त चालत होता, आता लय हळू चालून राहिला."

ज्यांना सिंदेवाही, नागभीड, मूल, ब्रह्मपुरी, चिमूर असल्या गावांत रिपेअरिंगचं दुकान टाकायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आपल्याकडे गेमिंग लॅपटॉप फक्त गेम खेळणारी पोरंच घेतात असं नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले घेतात, इंजिनिअरिंगची मुलं घेतात, नकाशे काढणारे सिव्हिलवाले घेतात. म्हणजे तो लॅपटॉप बंद पडला की कोणाचं तरी कमाईचं काम थांबतं. आणि या कामात दुकानदाराचा पैसासुद्धा मोठा अडकतो.

आधी हिशोब बघा

उदाहरणासाठी आकडे धरू. बोर्ड १८,००० रुपयांना आला. कुरिअर, पेस्ट, पॅड मिळून ७०० लागले. ग्राहकाकडून २२,५०० घेतले. तुमच्या हातात राहिले ३,८००. आता समजा हा बोर्ड तुमच्या टेबलवर जळला, किंवा मुळातच खराब होता पण तुम्हाला उशिरा कळलं, आणि विकणारा म्हणाला की आता परत घेणार नाही. दुसरा बोर्ड १८,००० चा. झाला १४,२०० चा खड्डा. तो भरायला पुढचे चार जॉब फुकट करावे लागतील.

जुने किंवा दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेले बोर्ड विकणारे बहुतेक जण थोड्याच दिवसांची चेकिंग वॉरंटी देतात. नागपूरच्या सीताबर्डीतून आणा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा की दिल्लीच्या नेहरू प्लेसवरून, अट जवळपास सारखीच असते: जळालेला, सोल्डरिंग केलेला, स्टिकर फाडलेला बोर्ड परत घेत नाही. शहरातल्या दुकानदाराला बोर्ड बदलून आणायला एक तास पुरतो. आपला पूर्ण दिवस जातो, नाहीतर कुरिअरमध्ये आठवडा. म्हणून आपल्यासाठी नियम साधा आहे: बोर्डची चेकिंग मुदत संपायच्या आत लॅपटॉपची पूर्ण तपासणी संपली पाहिजे. बोर्ड आला त्याच दिवशी बसवा. दोन दिवस पेटीत ठेवून "बघू रविवारी" असं करू नका.

पायरी ०: बोर्ड खरंच तोच आहे का?

बसवल्यानंतरच्या निम्म्या भानगडी या चुकीच्या बोर्डामुळे होतात. लॅपटॉपच्या मागे लिहिलेल्या मॉडेल नावावर बोर्ड मागवू नका. बोर्डवर छापलेला नंबर बघा. अनेक ब्रँडचे बोर्ड कॉम्पाल, क्वांटा अशा तैवानी कंपन्या बनवतात. कॉम्पालच्या बोर्डवर 'एलए' ने सुरू होणारा नंबर असतो, क्वांटाच्या बोर्डवर 'डीए०' ने सुरू होणारा. तो पूर्ण नंबर आणि त्यापुढचा 'रेव्ह' म्हणजे रिव्हिजन, दोन्ही जुळले पाहिजेत.

त्यानंतर या चार गोष्टी ताडून पहा:

१. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप. गेमिंग लॅपटॉपमध्ये या दोन्ही बोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात. एकाच मॉडेलमध्ये कुठे जीटीएक्स १६५०, कुठे आरटीएक्स ३०५० असते. ग्राहकाकडे जी होती तीच, किंवा त्याच्याशी बोलून ठरलेलीच पाहिजे. चिप वेगळी असेल तर हीटसिंकही वेगळा असू शकतो.

२. स्क्रीनचा कनेक्टर. ६० हर्ट्‌झच्या पॅनेलला साधारण ३० पिनचा कनेक्टर असतो, १२० किंवा १४४ हर्ट्‌झला ४० पिनचा. ६० हर्ट्‌झवाल्या व्हेरिएंटचा बोर्ड आणला आणि ग्राहकाचं पॅनेल १४४ चं असलं, की तिथेच गाडी अडते.

३. वाय-फाय कार्ड. इंटेलचं एएक्स२०१ सारखं कार्ड फक्त इंटेलच्याच ठरावीक बोर्डवर चालतं. एकाच सिरीजमध्ये इंटेल आणि एएमडी दोन्ही लॅपटॉप येतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड टाकलं तर ते बसेल, पण दिसणार नाही.

४. बायोस पासवर्ड. ऑफिसमधून निघालेल्या लॅपटॉपच्या बोर्डला पासवर्ड असू शकतो. विकणाऱ्याला आधीच विचारून घ्या आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी ठेवा.

बोर्ड हातात आला की दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, तारीख-वेळेसह. परत करायची वेळ आली तर हाच तुमचा पुरावा.

पायरी १: कमीत कमी सामानावर चालू करा

नवीन मुलं पूर्ण लॅपटॉप पॅक करून मग बटण दाबतात. असं करू नका. बोर्ड, हीटसिंक आणि पंखे, एकच रॅम, अॅडॉप्टर, पॉवर बटणाची पट्टी आणि स्क्रीन. बस. एसएसडी नाही, वाय-फाय कार्ड नाही, बॅटरी नाही, बाजूचा यूएसबी बोर्डही नाही.

हीटसिंक लावल्याशिवाय एक सेकंदही चालू करायचं नाही. "फक्त लाइट येते का बघतो" म्हणून चालू केलेला प्रोसेसर काही क्षणांत तापतो.

आणि हा नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून लावा: कोणतीही पट्टी काढायच्या किंवा लावायच्या आधी अॅडॉप्टर काढा आणि बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रीनच्या केबलमध्ये बॅकलाइटचा जास्त व्होल्टेजचा पुरवठा बाकी नाजूक सिग्नलच्या शेजारूनच जातो. बॅटरी जोडलेली असताना ती केबल तिरकी बसली, की बॅकलाइटचा फ्यूज उडतो, कधी कधी ग्राफिक्स चिपही जाते. चांगला बोर्ड आपल्याच टेबलवर मरण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पायरी २: लक्षण ओळखा

आता बटण दाबा. जे होईल त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

(अ) काहीच होत नाही, लाइटही नाही

- मल्टिमीटरने अॅडॉप्टर तपासा. बहुतेक गेमिंग अॅडॉप्टर १९.५ किंवा २० व्होल्टचे असतात.
- चार्जिंग जॅकची केबल बोर्डवर नीट दाबली आहे का? जॅक जुना असेल तर तो हलवून बघा. मूळ बिघाड जॅकचाच असेल तर नवा बोर्डही बिचारा काय करणार!
- पॉवर बटण कुठे आहे? अनेक मॉडेलमध्ये ते कीबोर्डमध्येच असतं. म्हणजे कीबोर्डची पट्टी नीट लॉक झाली नाही तर बोर्ड 'मेलेला' वाटतो. पट्टी सरळ आत गेली आहे ना, कनेक्टरचं लॉक बंद झालं आहे ना, हे भिंगाखाली बघा.
- बॅटरी काढून परत जोडल्यावर अनेक लॅपटॉप फक्त बॅटरीवर चालूच होत नाहीत. एकदा अॅडॉप्टर लावावा लागतो. पूर्ण जोडणी झाल्यावर "आता का बंद पडला?" म्हणून घाबरू नका.
- बोर्डखाली सुटा स्क्रू पडला आहे का? जास्त लांबीचा स्क्रू चुकीच्या भोकात गेला आहे का? स्क्रू ठेवायला खणांचा डबा किंवा चिकटपट्टी लावलेला कागद वापरा आणि कोणता कुठला ते लिहा.

(ब) लाइट आली, पंखा फिरला, स्क्रीन काळी

इथे सगळ्यात आधी थांबायचं. डीडीआर५ रॅमचे लॅपटॉप नव्या बोर्डवर पहिल्यांदा चालू होताना रॅमची ओळख करून घेतात. त्याला एक-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर स्क्रीन काळीच राहते. ज्याला हे माहीत नसतं तो वीस सेकंदांत बटण दाबून बंद करतो, पुन्हा चालू करतो, आणि शेवटी म्हणतो की बोर्ड खराब आला. पाच मिनिटं हात लावू नका.

तरीही स्क्रीन काळी असेल, तर:

- रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. मग दुसरी रॅम टाकून बघा.
- लाइट किती वेळा लुकलुकते ते मोजा. हा बोर्डचा निरोप असतो. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये २ पिवळे आणि ३ पांढरे म्हणजे रॅम सापडली नाही. २ आणि ४ म्हणजे रॅम खराब. २ आणि ७ म्हणजे स्क्रीनची तक्रार. इतर कंपन्यांचे कोड त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. अंदाज लावू नका, मॅन्युअल उघडा.
- डेलमध्ये 'डी' की दाबून धरून पॉवर चालू केली तर पॅनेल स्वतःची चाचणी घेतं. रंग दिसले म्हणजे पॅनेल चांगलं आहे.
- अंधारात स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आत पुसट चित्र दिसलं तर चित्र येतंय, फक्त बॅकलाइट नाही. केबल, फ्यूज, पॅनेल या क्रमाने तपासा.
- एचडीएमआयने टीव्ही जोडा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट मोठ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपची स्क्रीन प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालते. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड जिवंत आहे, शोध केबल आणि पॅनेलकडे न्या.
- झाकण बंद आहे की उघडं, हे बोर्डला चुंबकाच्या सेन्सरवरून कळतं. चुंबकाची स्क्रू-ट्रे लॅपटॉपला चिकटून ठेवली असेल तर बोर्डला वाटतं झाकण बंद आहे. ट्रे दूर करा. हसू नका, असं होतं.

(क) स्क्रीन आली, पण विंडोज येत नाही

बायोसमध्ये जा. तारीख-वेळ लावा, कारण नव्या बोर्डवर ती जुनी असते आणि नंतर इंटरनेटच्या सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत. मग एसएसडी दिसते का बघा.

एसएसडी लावलेली आहे, पण निळी स्क्रीन येते किंवा विंडोजच्या सेटअपला डिस्कच सापडत नाही, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' नावाची सेटिंग तपासा. जुन्या बोर्डवर ती चालू होती आणि नव्यावर बंद आहे, किंवा उलट, तर जुनं विंडोज अडकतं. सेटिंग पहिल्यासारखी केली की बहुतेक वेळा विंडोज उघडतं. एसरच्या काही मॉडेलमध्ये ही सेटिंग लपलेली असते. बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी दुकानांत चांगली एसएसडी फॉरमॅट होते. ग्राहकाचा डेटा जातो आणि वर "विंडोज टाकण्याचे ५०० रुपये" लागतात.

बिटलॉकर: इथे दुकानाची इज्जत पणाला लागते

ही गोष्ट वेगळी सांगतो, कारण इथे पैसा नाही, माणसाचं काम जातं.

आमच्या भागातला एक लग्नाचे व्हिडिओ करणारा भाऊ त्याचा लॅपटॉप घेऊन आला होता. बोर्ड एका शहरातल्या दुकानात बदलला होता. चालू केला की निळ्या पानावर ४८ आकडी रिकव्हरी की मागायचा. त्या दुकानाने सांगितलं होतं, "फॉरमॅट करावं लागेल." आत तीन लग्नांचं शूटिंग होतं, त्यातल्या दोन लग्नांची कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या कामासाठी रिकामी झालेली. लग्न परत होत नाही. हळद परत होत नाही. त्या भावाचे हात अक्षरशः थंड पडले होते.

कारण असं असतं: अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम या सुरक्षित भागात राहते. बोर्ड गेला, किल्ली गेली. विंडोजला वाटतं कोणीतरी डिस्क चोरून दुसऱ्या लॅपटॉपला लावली. म्हणून ते रिकव्हरी की मागतं. म्हणजे बोर्ड खराब नाही, एसएसडीही खराब नाही. फक्त किल्ली पाहिजे.

ती किल्ली बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जमा असते. प्रश्न असतो, कोणाच्या अकाउंटमध्ये? आपल्याकडे लॅपटॉप घेतो एक जण आणि सुरुवातीची सेटिंग करून देतो दुसराच. त्या भावाच्या लॅपटॉपवर पहिलं लॉगिन त्याच्या भाच्याच्या ईमेलने झालं होतं. भाचा पुण्याला. फोन लावला, त्याने आपल्या अकाउंटमध्ये जाऊन स्क्रीनवरचा की आयडी जुळवला, ४८ आकडे पाठवले. लॅपटॉप उघडला. पहिलं काम काय केलं? सगळं शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. त्यानंतरच बाकीची तपासणी.

यातून तुमच्यासाठी दोन नियम:

१. बोर्ड बदलायचा जॉब घेतानाच विचारा: "दादा, लॅपटॉपला पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने लॉगिन केलं होतं? घरी कोणी सेटिंग करून दिली होती का?" उत्तर जॉब कार्डवर लिहा. बोर्ड मागवायच्या आधी किल्ली मिळते का बघून ठेवा. ईमेलचा पासवर्ड मात्र स्वतःकडे लिहून ठेवू नका. तो ग्राहकालाच टाकू द्या.

२. जुना बोर्ड अधूनमधून चालू होत असेल, तर आधी डेटा काढा आणि बिटलॉकर बंद किंवा सस्पेंड करा. मग बोर्ड काढा.

किल्ली नसेल तर डेटा मिळणार नाही, हे ग्राहकाला काम घेण्याआधी तोंडावर सांगा. नंतर सांगितलं तर ते बहाणा वाटतं.

याच्या शेजारचाच विषय विंडोजच्या लायसन्सचा. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की मूळ बोर्डच्या बायोसमध्ये असते. बोर्ड बदलल्यावर 'अॅक्टिव्हेट करा' असं दिसू शकतं. अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय आहे, तो मायक्रोसॉफ्ट अकाउंटने करून बघा. कंपनीकडून आलेल्या लायसन्सला तो नेहमी चालत नाही. तेव्हा नवीन लायसन्सचा खर्च आधीच कोटेशनमध्ये 'लागल्यास' म्हणून दाखवा. क्रॅक टाकून देऊ नका. त्यासोबत व्हायरस आला तर नाव तुमचंच जातं.

(ड) सगळं चालतं, पण हळू, गरम, किंवा गेम चालू केला की बंद

"पहिले मस्त चालत होता" ही तक्रार इथली.

*अॅडॉप्टरची ओळख.* गेमिंग लॅपटॉपला १८०, २३०, कधी ३३० वॅटचा अॅडॉप्टर लागतो. काही कंपन्यांच्या जॅकमध्ये मधली बारीक पिन असते, त्यातून अॅडॉप्टर आपली ताकद बोर्डला सांगतो. ती पिन वाकली, जॅकची केबल सैल राहिली किंवा अॅडॉप्टर लोकल असला, तर बोर्डला अॅडॉप्टर ओळखू येत नाही. तो घाबरून प्रोसेसरचा वेग अगदी खाली आणतो. टास्क मॅनेजरमध्ये वेग एक गिगाहर्ट्‌झच्या खाली अडकलेला दिसला की आधी इथे बघा. त्या स्टुडिओवाल्या भावाच्या लॅपटॉपमध्ये हीच दुसरी भानगड होती: बोर्ड बदलताना जॅकचा कनेक्टर अर्धाच दाबला गेला होता. काम दोन मिनिटांचं, पण त्याच्यामुळे एक व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला रात्र लागत होती.

*बॅटरी.* काही मॉडेल बॅटरी नसताना किंवा बॅटरी खराब असताना पूर्ण ताकद देत नाहीत. फुगलेली बॅटरी मात्र परत लावायचीच नाही.

*पेस्ट आणि पॅड.* ग्राफिक्सच्या मेमरीवर आणि पॉवरच्या भागांवर थर्मल पॅड असतात: कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे एक, कुठे दीड. जाड पॅड टाकला तर हीटसिंक मुख्य चिपवर टेकतच नाही. पातळ टाकला तर मेमरी तापते. जुने पॅड काढताना जाडी मोजा आणि नकाशा काढून ठेवा. हीटसिंकच्या स्क्रूजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, थोडं थोडं आवळा. एसुसच्या अनेक आरओजी लॅपटॉपमध्ये कंपनीकडूनच लिक्विड मेटल असतं. ते वीज वाहतं. त्याचा एक थेंब बाजूला सांडला तर बोर्ड गेला. हाताला सवय नसेल तर असा जॉब सुरुवातीला घेऊ नका, याच्यात कमीपणा नाही.

*पंखे.* दोन पंखे, दोन कनेक्टर. दोन्ही फिरतात का, कानाने नाही, डोळ्याने बघा. एचपीमध्ये पंख्याची तक्रार असली की ९०बी असा कोड येतो.

*मॉडेलचं नाव.* नव्या बोर्डमध्ये कधी कधी लॅपटॉपचं मॉडेल आणि सिरीयल नंबर कोरे असतात. चालू करताना 'माहिती चुकीची' असा मेसेज येतो. कंपनीचं परफॉर्मन्स मोड बदलणारं सॉफ्टवेअरही अशा लॅपटॉपला ओळखेलच असं नाही. ही माहिती कंपनीच्या साधनानेच भरायची असते. कुठूनही उतरवलेली बायोस फाइल टाकून प्रयोग करू नका.

आपल्या हवामानाचं विसरू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. डिसेंबरमध्ये पास झालेला लॅपटॉप मे महिन्यात पास होईलच असं नाही. इंटेलचे बरेच लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला हळू करतात. थंडीतल्या टेस्टमध्येच ९५ दिसत असेल तर हीटसिंक परत उघडा. राइस मिलच्या बाजूच्या घरांतून, दुकानांतून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये भुशाचा बारीक थर जाळीत बसलेला असतो. बोर्ड बदलताना जाळी साफ केली नाही तर नवा बोर्डही जुन्याच त्रासात जगतो.

(इ) बारीकसारीक

वाय-फायची रेंज कमी असेल तर अँटेनाच्या दोन्ही वायरी दाबल्या आहेत का बघा. आवाज, माइक, कॅमेरा, टचपॅड, कीबोर्डची लाइट, प्रत्येक यूएसबी, कार्ड रीडर: एकेक तपासा. हे सगळं चालत असेल तरच शेवटचं झाकण लावायचं.

पायरी ३: देण्याआधीची परीक्षा

- एक तास साधं काम, अर्धा तास प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर पूर्ण ताण. तापमान एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, फोटो काढा.
- अॅडॉप्टर काढून बॅटरीवर, मग परत अॅडॉप्टरवर.
- झोपवून उठवा, म्हणजे स्लीपमध्ये टाकून परत चालू. पाच वेळा रीस्टार्ट.
- रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना चालू. ही चाचणी बरेच जण गाळतात. गरम असताना चालणारा बोर्ड थंडीत अडतो, आणि तो नेमका ग्राहकाच्या घरी अडतो.
- बायोस अपडेट करायचंच असेल तर सगळं पास झाल्यावर, बॅटरी भरलेली असताना, लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर.

बोर्डमध्येच दोष दिसला तर याच टप्प्यावर विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवा. स्वतः सोल्डरिंग गन उचलू नका. गन लागली की वॉरंटी संपली.

कागद पक्का ठेवा

लॅपटॉप घेताना जॉब कार्ड: मॉडेल, सिरीयल नंबर, रॅम-एसएसडी किती, अंगावरचे ओरखडे, काय चालतं, काय चालत नाही, ग्राहकाची सही. "कॅमेरा तुम्हीच बिघडवला" हे भांडण इथेच संपतं. बोर्डच्या किमतीइतका अॅडव्हान्स घ्या. बोर्ड नवा आहे की वापरलेला, हे बिलावर लिहा. वॉरंटी कशाची, किती दिवसांची आणि कशाची नाही, तेही लिहा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात सेवेतली त्रुटीही येते. तोंडी शब्दापेक्षा लिहिलेला शब्द दोघांनाही वाचवतो.

मशीन कंपनीच्या वॉरंटीत असेल तर ग्राहकाला तिकडेच पाठवा. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, तिथे अनेक कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते. आज तुमचे दोन-तीन हजार जातील, पण तो माणूस पुढची दहा वर्षं तुमच्याकडेच येईल. लहान गावात हाच धंदा आहे.

जुना बोर्ड ग्राहकाला दाखवा. तो नको म्हणाला तर भंगारवाल्याला जाळायला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे तो जमा करा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्याच महिन्यात गेमिंग बोर्डाचे जॉब धरू नका. साध्या लॅपटॉपवर पट्ट्या, जॅक, कीबोर्ड, पेस्ट यांचा हात बसवा. चांगला मल्टिमीटर, भिंग, नीट बिट असलेले स्क्रू-ड्रायव्हर आणि चाचणीसाठी एक-एक डीडीआर४, डीडीआर५ रॅम एवढं असल्याशिवाय बोर्डाचं काम घेऊ नका. आणि प्रत्येक जॉबनंतर वहीत एक ओळ लिहा: लक्षण काय होतं, कारण काय निघालं, वेळ किती लागला. सहा महिन्यांनी ती वही कोणत्याही कोर्सपेक्षा जास्त कामाची होते, कारण त्यात आपल्या गावचे लॅपटॉप, आपल्या गावची लाइट आणि आपल्या गावचे ग्राहक असतात.

पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड आणि कोटेशन कसं बनवायचं, ते आपण बसून भरूनच बघू. तोवर वरची यादी कागदावर उतरवा आणि टेबलच्या समोर चिकटवा. भेटू मंडळी.